डिसेंबरचा फोटो

"वहिनी, जरा इकडे या ना. शरूचा दात बघा."

ऋजुताची हाक आली तेव्हा माझ्या खुर्चीत पेशंट होता. त्याला चूळ भरायला सांगून मी हातमोजे काढले आणि पलीकडच्या खोलीत गेले. माझी तेरा वर्षांची मुलगी शर्वरी तिच्या काकूच्या खुर्चीत पाय हलवत पडली होती. शेजारी स्टूल ओढून अण्णा, म्हणजे माझे सासरे, चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकं खुपसून बसले होते.

पडद्यावर दाढांचं वरून काढलेलं राखाडी चित्र होतं. दोन दाढांच्या मधे तांदळाच्या कणीएवढा काळसर डाग दिसत होता.

"ही खालची डावी मोठी दाढ," ऋजुता म्हणाली. "वरून बघितलं तर काहीच कळत नाही. पण दातातून उजेड आरपार सोडला की चांगल्या भागातून तो निघून जातो, आणि कीड लागायला सुरुवात झालीय तिथं अडतो. म्हणून ही सावली."

"आणि एक्स-रेचं काम नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही. हा नुसता उजेड आहे, अण्णा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. कितीदाही फोटो काढा, अपाय नाही."

"आई," शर्वरी खुर्चीतून म्हणाली, "तू तर मागच्याच रविवारी म्हणालीस, सगळे दात मस्त आहेत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मग उघडून भरून टाकू," मी म्हणाले. "शनिवारी करते मी."

"नको ना वहिनी," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "सावली अजून बाहेरच्याच थरात आहे. फ्लोराइडचा लेप लावू, रोज रात्री दोऱ्यानं फट साफ करू दे तिला. तीन महिन्यांनी याच जागेचा, याच कोनातून फोटो काढू. वाढली नाही, तर दाताला हात लावायचं कारणच नाही. एकदा कोरलेला दात काही परत येत नाही."

मी अण्णांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

फलटणला अण्णांचा दातांचा दवाखाना चाळीस वर्षांचा. मी सून म्हणून आले ती नुकती पदवी घेऊन. पदवी कॉलेजनं दिली, हात दिला तो अण्णांनी. आरसा कसा धरायचा, टोकदार सळई दातावरून फिरवताना मनगट कसं सैल ठेवायचं, हे सगळं त्यांनी माझ्या मागे उभं राहून शिकवलं. आरशात न दिसणारी कीड मी सळईच्या टोकानं शोधून काढायचे. तेव्हा ते पेशंटला मुद्दाम सांगायचे, "माझ्यापेक्षा हिचा हात चांगला. निर्धास्त बसा." नवरा बँकेत, कोल्हापूरला, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. अठरा वर्षं तो दवाखाना अण्णांचा आणि माझाच होता.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि ऋजुता आली. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, माझ्याहून दोन वर्षं जास्त शिकलेली. येताना तिनं तो दातातून उजेड सोडणारा कॅमेरा आणला. निळ्या पेटीत, काचेच्या भांड्यासारखा जपून.

भांडखोर असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्याआधी उठून चहा टाकायची. माझ्या पेशंटला हात लावायच्या आधी दारात येऊन विचारायची. मला तिच्यात खोट सापडत नव्हती, आणि मी शोधत होते.

चार वाजता दवाखान्यात चहा व्हायचा. विमलमावशी, आमच्याकडे वीस वर्षं मदतीला असलेली बाई, ट्रे घेऊन माझ्या खोलीत यायची. अण्णाही तिथंच यायचे. सकाळी कुणाच्या कुठल्या दाताला काय केलं, हे मी सांगायचे. ते कपात बिस्किट बुडवून ऐकायचे, मधेच चूक काढायचे. उन्हाळा संपेपर्यंत ट्रे पलीकडच्या खोलीत जायला लागला. कुणी ठरवून केलं नव्हतं. अण्णा तिथं असायचे, म्हणून ट्रेही तिथं. मावशी माझा कप मला आणून द्यायची. भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज यायचा, "आणि हा? हा काळा दिसतो तो?" चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा प्रश्न विचारत होता.

प्राथमिक शाळेच्या कदमबाई माझ्या हातून दात भरून घेत म्हाताऱ्या झाल्या होत्या. एक दिवस माझ्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मोठ्या बाई, रागावू नका हं. नातवाला धाकट्या बाईंकडे दाखवू का? ते फोटोचं म्हणतात ना." मी म्हणाले, "दाखवा की. माझा राग कशाला?"

घरीही तेच. इतकी वर्षं मी शर्वरीच्या मागे लागून थकले होते. रात्री ब्रश केलास का, नीट केलास का. आता ती आपणहून आरशासमोर उभी राहून दोरा फिरवायची. कपाटाच्या दारावर तिनं तक्ता चिकटवला होता. रोज रात्री त्यावर एक फुली. काकू म्हणते चिकट खाऊ नये. काकू म्हणते केस बांधून झोपावं. काकू म्हणते गणितात घाबरण्यासारखं काही नसतं. मी भाजी परतत ऐकत असायचे आणि झारा कढईला जरा जास्तच लागायचा.

सप्टेंबरमध्ये दुसरा फोटो निघाला. ऋजुतानं जूनचा आणि सप्टेंबरचा शेजारी शेजारी लावले.

"वाढली नाही," ती म्हणाली. "मला तर किंचित फिकट झाल्यासारखी वाटते. पण डिसेंबरचा फोटो पाहिल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही."

अण्णांनी तिची पाठ थोपटली. "शाबास."

अठरा वर्षांत त्यांनी मला पुष्कळ वाखाणलं होतं. पाठ कधी थोपटली नव्हती. ते कुणाची थोपटतात हेच मला माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात दातांच्या डॉक्टरांची परिषद होती. ऋजुताला तिथं आपलं काम मांडायला बोलावलं होतं. तिच्या वहीत शरूशिवाय सदतीस मुलं होती, सगळी अशीच न कोरता लक्ष ठेवलेली. पण दाखवण्यासाठी तिनं निवडला तो शर्वरीचा दात. "दोन फोटो दाखवते," ती म्हणाली. "तिसरा सोमवारी आल्यावर काढू. तारीख तीच येते."

अण्णा तिच्याबरोबर निघाले. त्यांनी जुना कोट इस्त्रीला दिला, बूट स्वतः पुसले. माझ्या पदवीदान समारंभाला माझे वडील आले होते. नंतर मी कुठं काही मांडलंच नाही, त्यामुळे अण्णा कुठं येण्याचा प्रश्नच नव्हता. हे मला कळत होतं. तरी शुक्रवारी पहाटे ती दोघं गाडीत बसली तेव्हा मी हात हलवला नाही. हातात पिठाचा डबा आहे असं दाखवलं.

दुपारी अण्णांचा फोन आला.

"सुनीती! अगं, लोक उभे राहून प्रश्न विचारत होते. शरूचा दात सगळ्या सभेनं बघितला. आपल्या दवाखान्याचं नाव पडद्यावर होतं!"

"छान झालं," मी म्हणाले.

"अगं, तू असायला हवी होतीस."

मला कुणी विचारलं नव्हतं.

चार वाजता शर्वरी शाळेतून दवाखान्यात आली. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि गालावर हात ठेवला. "आई, थंड पाणी लागलं की इकडे झिणझिणतं."

"कधीपासून?"

"कालपासून. थोडंसंच."

"बस खुर्चीत."

मी आरसा घातला. दोन दाढांच्या मधली हिरडी लाल झाली होती, जरा उतरलीही होती. पोरगी दोरा जोर लावून ओढत होती, नेमानं, फुल्या भरण्यासाठी. झिणझिणण्याला तेवढं कारण पुरेसं होतं. मला ते दिसलं. आजही सांगते, पहिल्या क्षणीच दिसलं. निदान एक एक्स-रे काढायला हवा होता. यंत्र हातभर अंतरावर होतं.

"कीड आत गेलीय," मी म्हणाले. "आज भरून टाकते."

शर्वरी उठून बसली. "पण सोमवारी फोटो आहे ना?"

"फोटोनं कीड थांबते का?"

"काकूला विचार ना आधी. फोन कर."

"विमलमावशी," मी म्हणाले, "भुलीचं इंजेक्शन काढा."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, पण काढून दिलं. शर्वरीनं आणखी हट्ट केला नाही. डोळे मिटून तिनं खुर्चीचे हात धरले. तिला वाटलं असणार, आई डॉक्टर आहे.

कीड लागलेला दात कोरताना हाताला कळतं. एअरोटरची, म्हणजे कोरायच्या यंत्राची, सुई आत शिरते, आवाज जड होतो, ओल्या खडूसारखा भुगा निघतो. मी तो आवाज बदलायची वाट बघत होते. तो बदलला नाही. बारीक, उंच, स्वच्छ आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला.

"कडक लागतंय जणू," मावशी हळूच म्हणाली. तिच्या हातात लाळ ओढायची नळी होती. वीस वर्षं तीही तो आवाज ऐकत होती.

"आत आहे," मी म्हणाले.

आणखी थोडं कोरलं. मग थांबून हवा मारली आणि आरशात बघितलं. दाढेच्या बाजूच्या भिंतीवर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. कीड चालू असती तर तो मळकट, खरखरीत असता. हा चकाकत होता. सळईचं टोक त्यावरून फिरवलं, ते काचेवरून घसरावं तसं घसरलं. दात स्वतःहून भरून आला होता. लेपानं, दोऱ्यानं, कपाटावरच्या त्या फुल्यांनी. आणि त्याला हात घालण्यासाठी मी वरून चांगल्या दाताला भोक पाडलं होतं.

मावशीनं वाकून बघितलं, सरळ झाली, नळी जागेवर ठेवली.

मी ठिपक्यासकट ती भिंत काढून टाकली. मग सिमेंट भरलं, निळ्या दिव्यानं पक्कं केलं. काम सुरेख झालं होतं. कार्डावर लिहिलं: कीड आतल्या थरापर्यंत. खाली सही केली.

रविवारी संध्याकाळी ती दोघं परतली. अण्णांच्या हातात मोठा पुष्पगुच्छ होता, तो त्यांनी माझ्याच हातात दिला. जेवायला बसल्यावर मी सांगितलं. शब्द आधीच जुळवून ठेवले होते.

"शरूला झिणझिण्या येत होत्या. उघडून बघितलं तर कीड आतपर्यंत गेली होती. आणखी थांबलो असतो तर दाताच्या नसेपर्यंत गेली असती."

ऋजुताचा हात ताटात थांबला. "किती आत होती, वहिनी?"

"बरीच."

मला वाटलं होतं ती भांडेल. फोटो काढून दाखवेल, सप्टेंबरला तर अशी नव्हती म्हणेल. मी त्या भांडणाची तयारी करून बसले होते. ती फक्त एवढंच म्हणाली, "शरू, खूप दुखलं का गं?" आणि तिचे डोळे भरले.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. इतका साधा, की ती तो ठेवेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तिनं परिषदेच्या लोकांना पत्र लिहिलं. "मी दाखवलेल्या दातात कीड वाढत होती, माझं वाचन चुकलं, माझी मांडणी कृपया नोंदीतून काढावी." पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं, "वहिनी, भाषा बरोबर आहे ना?" म्हणून. मी एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला सांगितला.

मंगळवारी चार वाजता ट्रे माझ्या खोलीत आला. मागून अण्णा आले, त्यांच्या जुन्या जागी बसले. बिस्किट बुडवलं.

"मी पण वाहवलो बघ," ते म्हणाले. "यंत्र ते यंत्र. तुझा हात होता म्हणून पोरीचा दात वाचला."

सहा महिने मी त्या वाक्याला भुकेली होते. चहा प्यायले. भिंतीपलीकडून काहीच आवाज येत नव्हता.

गुरुवारी ऋजुता वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. दोन रात्री झोपली नसावी.

"सदतीस मुलं आहेत, वहिनी. शरूचं मला कळलं नाही, म्हणजे यांचंही मला कळलेलं नसणार. कुणाची आतपर्यंत गेली असेल, कुणास ठाऊक. मी सगळ्यांना बोलावून घेते. तुम्ही उघडून बघा आणि भरा. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. पहिली शनिवारी येतेय, मुलाणी टेलरांची रेहाना."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणायचं ते दोन दिवस शोधत होते. एक्स-रे काढू म्हणाले, तर ऋजुता म्हणाली, "काढला, काही स्पष्ट नाही. शरूचा काढला होतात का तुम्ही? त्यात दिसलं होतं?" मी म्हणाले, घाईत राहिला. तिनं मान हलवली, जणू माझ्यासारख्या हाताला त्याची गरज नव्हतीच.

शनिवारी रेहाना आली. दहा वर्षांची, दोन वेण्या, नवा फ्रॉक. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. ऋजुतानं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं; गाठ दोनदा सुटली. "मोठ्या बाई बघणार आहेत," ती तिला म्हणाली. "त्यांचा हात फार हलका आहे. तुला कळणारही नाही."

मी रेहानाच्या दाढेवर सळई फिरवली. टणक. पुन्हा फिरवली. भूल दिली, पाच मिनिटं थांबले. एअरोटर उचलला. पायाखालचं पेडल दाबलं, आवाज सुरू झाला. मावशी नळी धरून उभी होती. ती रेहानाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी पाय उचलला.

"काय झालं वहिनी?"

"हिला काही करायचं नाही. घरी पाठव."

"पण..."

"ऋजुता, तिला घरी पाठव आणि दार लाव."

रेहाना गेली. मावशी सांगायच्या आधीच बाहेर गेली. मी हातमोजे काढले नव्हते, तशीच बोलले.

"शरूच्या दातात कीड नव्हती. थांबली होती. ठिपका चकाकत होता. तुझं वाचन बरोबर होतं."

तिला आधी समजलंच नाही. "म्हणजे... तुम्हाला नंतर वाटलं का तसं?"

"तेव्हाच दिसलं. कोरायच्या आधीही माहीत होतं. हिरडी लाल होती, बस."

"मग का केलंत?"

मी हातमोजे काढायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे तिची खोली होती, मग पुन्हा माझ्याकडे. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी आश्चर्य आलं. आपल्याकडे हेवा करण्यासारखं काही आहे, हे तिला त्याच क्षणी पहिल्यांदा समजत होतं.

"मी ते पत्र पाठवलं," ती म्हणाली. "तुम्ही स्वल्पविराम सांगितलात."

"हो."

"शरूला सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगा. आणि अण्णांना."

"सांगते."

ती उठून आपल्या खोलीत गेली. मी फोनचे आवाज ऐकत राहिले. एकेका मुलाच्या घरी ती सांगत होती, "येऊ नका आता. मोठ्या बाईंनी स्वतः तपासून सांगितलंय, कोरायची गरज नाही. दोरा चालू ठेवा." सदतीस वेळा नाही, जेवढ्यांचे फोन लागले तेवढ्यांना. प्रत्येक वेळी माझंच नाव. तिच्या शब्दावर लोक पुन्हा भरवसा ठेवतील असं तिला वाटत नव्हतं, आणि मुलांचे दात वाचायला हवे होते.

शर्वरीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं जिभेनं त्या दाढेवर चाचपून बघितलं.

"म्हणजे माझा दात बरा झाला होता?"

"हो."

"मी बरा केला होता?"

"हो. तू आणि काकूनं."

"आणि आता तो परत तसा होणार नाही."

"नाही."

ती उठली आणि कपाटावरचा तक्ता काढायला लागली. चिकटपट्टी निघेना, तेव्हा नखांनी खरवडू लागली. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, मी काढते." त्यानंतर ती माझ्या खुर्चीत कधी बसली नाही. ती दाढ पुढे दोनदा भरावी लागली, शेवटी वर टोपी बसवली. सगळं ऋजुतानं केलं.

पुढच्या वर्षी दिरांची बदली साताऱ्याला झाली. बदली मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं. तिथं ऋजुतानं आपला दवाखाना काढला. कॅमेरा तिच्याबरोबर गेला. दिवाळीला ती दोघं यायची. फराळाच्या वेळी कुणी पाहुणे असले की अण्णा ती गोष्ट हमखास सांगायचे: धाकटीच्या यंत्राला चकवा बसला आणि मोठीनं नुसत्या हातानं कीड कशी पकडली. ऋजुता चकल्या वाढत असायची. पहिल्या दिवाळीला तिनं ताट खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मी कुणाला तरी चहा हवा का विचारलं. पुढच्या दिवाळ्यांना तिनं बघणं सोडलं.

मी उद्या सांगेन म्हणत होते. अण्णा त्यानंतर सहा वर्षं होते.